जावई, डोंगळे आणि वाकडं भिंग

पहाटे शेतात तीन पायांचं काही उभं दिसलं, की आमच्या देवळा तालुक्यात लोक आधी सातबारा शोधतात. तिवई म्हणजे मोजणी. आणि मोजणी म्हणजे एक तर भाऊबंदकी, नाहीतर रस्ता. तिसरं कारण अजून कोणाच्या ऐकिवात नाही. तिवईवरच्या यंत्राला डोळा लावून एखादा माणूस कांद्याच्या फुलांचा फोटो काढत असेल, ही शक्यता वाखारीपासून उमराण्यापर्यंत कोणाच्या मनात येणार नाही. आली तरी तो ती बोलून दाखवणार नाही, कारण घरचे त्याला डॉक्टरकडे नेतील.

आमचे दाजी नेमकं हेच करतात. दाजी पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, स्वभावाने सज्जन. त्यांच्याकडे टिल्ट-शिफ्ट नावाचं एक भिंग आहे. कॅमेऱ्यावर बसवल्यावर ते पुढे-मागे वाकतं आणि बाजूला सरकतं. किंमत लाखाच्या पुढे. नक्की किती पुढे, हे त्यांनी ताईला सांगितलेलं नाही, त्यामुळे मीही इथे छापत नाही. एवढे पैसे मोजूनही त्याला ऑटोफोकस नाही. ज्यांच्या शेतात हे सगळं चालतं, त्या आमच्या मामांनी ते ऐकलं तेव्हा त्यांना खरंच काळजी वाटली. "मंग फोकस कोन करी?" असं त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, "मीच करायचा." मामांनी माझ्याकडे पाहिलं. नवीन ट्रॅक्टरला स्टार्टर नाही, हँडल मारा, असं कोणी सांगितलं असतं तर त्यांनी असंच पाहिलं असतं.

आमच्या कसमादे पट्ट्यात जावयाने मागितलेली वस्तू नाकारायची पद्धत नाही. पूर्वीच्या जावयांनी घड्याळ मागितलं, सायकल मागितली, मोटारसायकल मागितली. दाजींनी धुकं मागितलं.

"तुमच्याकडे फुलांची शेतं आहेत का? मला पहाटेच्या धुक्यात शूट करायचंय," असं त्यांनी डिसेंबरात फोनवर विचारलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर हॉलंडमधले ट्यूलिपचे पट्टे होते. कास पठार त्यांचं करून झालं होतं. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून तिथे फुलांपेक्षा फुलं बघणारे जास्त, आणि नोंदणी करून जावं लागतं, ही त्यांची तक्रार. आमच्याकडे झेंडू असतो, पण तो दसरा-दिवाळीला तोडून मोकळा. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे फुलतं ते एकच: कांदा. मी तसं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग दाजी म्हणाले, "कांद्याला फूल येतं?"

पुण्यात कांद्याला फक्त भाव येतो, त्यामुळे त्यांचा दोष नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीच्या आगेमागे साठवणीच्या चाळीतले निवडक कांदे काढायचे. गोल, एकसारखे, जोड नसलेले. ते पुन्हा जमिनीत लावायचे. थंडी पडली की त्यातून पोकळ दांडे वर येतात, कमरेएवढे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढरा गोल गोंडा. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं. हे डोंगळे. त्यांच्यापासून मार्च-एप्रिलात काळंभोर बी निघतं, ते उळे. पुढच्या हंगामाचं रोप त्यावर. एकरी तीन-चार किलो उळे लागतात, आणि घरचं उळं असलेला माणूस आमच्याकडे बाजारातून पुडा आणणाऱ्याकडे जरा वरूनच बघतो. नातेवाइकांत ते मागून नेतात, आणि उगवलं नाही तर बोलणं बंद होतं. एका वर्षापलीकडे ते बी फारसं टिकत नाही, त्यामुळे जुने हिशेब जुन्या बियांनी फेडता येत नाहीत.

यात एक गंमत अशी की हाच डोंगळा विकायच्या कांद्यात निघाला तर तो घात समजतात. थंडी कमी-जास्त झाली, रोप जास्त दिवसांचं लावलं गेलं, की कांदा पोसायच्या ऐवजी फुलायला लागतो. मधला दांडा कडक होतो, व्यापारी तोंड फिरवतो. म्हणजे बांधाच्या अलीकडे फूल आलं तर पेढे आणि पलीकडे आलं तर शिव्या. दाजींना दोन्ही बाजू सारख्याच सुंदर दिसल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी शेजारच्या उन्हाळ कांद्याच्या वाफ्यात चुकून उभे राहिलेले तुरळक डोंगळे पाहिले आणि त्या मालकालाच म्हणाले, "वा! तुमच्याकडे पण छान आलेत!" तो गृहस्थ अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

पहाटेबद्दलही दाजींच्या कल्पना शहरी होत्या. साडेपाचला आपण एकटेच असू, शिवार झोपलेलं असेल, असा त्यांचा अंदाज. शेतीच्या विजेचं वेळापत्रक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. थ्री फेज रात्रीच्या पाळीत असली, की सगळं शिवार रात्रभर जागं असतं. जो तो डोक्याला बॅटरी बांधून बारे देत, म्हणजे पिकाला पाणी भरत असतो. दाजींनी तिवई उघडली तेव्हा चारही बाजूंनी बॅटऱ्या त्यांच्यावर रोखल्या गेल्या आणि अंधारातून पहिला प्रश्न आला.

"कसानी मोजणी शे हाई?"

दुसरा आवाज: "रस्ता कोठून जाई ऱ्हायना?"

मी घाईने सांगितलं, मोजणी नाही, रस्ता नाही, आमचे जवाई आहेत, फोटो काढताहेत. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग एकाने समजुतीच्या सुरात विचारलं, "ई-पीक पाहणी का?" आणि सगळ्यांचं समाधान झालं.

हे मात्र दाजींना नवीन होतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच आपल्या पिकाचा फोटो काढून सरकारी अॅपवर चढवायचा, मग सातबाऱ्यावर पीक लागतं, हे मी त्यांना समजावलं. फोटो आपल्या गटात उभं राहूनच काढायचा. रेंज नसली तर मग रेंज शोधत फिरायचं. म्हणजे पिकांचं छायाचित्रण करणाऱ्यांची संख्या मोजली तर महाराष्ट्र जगात कुठे असेल, विचार करा. दाजी मनातून थोडे खट्टू झाले. आपण करतो ती कला, आणि इथे तर गट नंबर २१७ मधला प्रत्येक जण ती करून बसलाय, आणि तीही पाच हजारांच्या मोबाइलवर. मामांनी दाजींच्या कॅमेऱ्यातला फोटो पाहून आपुलकीने विचारलं, "हाऊ फोटो तठे चाली का?" चालणार नाही, असं कळल्यावर त्यांचा त्या भिंगातला रस पुष्कळ कमी झाला.

आता भिंगाचं. मला ते समजायला वेळ लागला, मामांना लागला नाही. साध्या भिंगात जे स्पष्ट दिसतं ते एका उभ्या पातळीत असतं. जवळच्या गोंड्यावर नजर ठेवली तर लांबचा डोंगर पुसट, डोंगर धरला तर गोंडा पुसट. टिल्ट-शिफ्टचं भिंग पुढे वाकवलं की ती पातळी कलते आणि वाकवत गेलं तर शेताला समांतर आडवी होते. मग पायाजवळच्या फुलापासून क्षितिजापर्यंत सगळी फुलं एकदम स्पष्ट. दाजींनी हे कागदावर रेघा मारून सांगितलं. मामा म्हणाले, "दिवसा भिंतीला उभी केलेली बाज रात्री आडवी टाकायची, एवढंच ना?" एवढंच. दाजींनी ती उपमा त्यांच्या पुण्याच्या फोटोग्राफी क्लबात वापरली, असं नंतर कळलं. मामांचं नाव सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

या सगळ्यामागे एक ऑस्ट्रियन लष्करी कॅप्टन आहे, थिओडोर शाइमफ्लुग. भिंगाची पातळी, फिल्मची पातळी आणि स्पष्ट दिसणारी पातळी, या तिन्ही एकाच रेषेत भेटल्या पाहिजेत, हा नियम त्याच्या नावाने चालतो. १९०४ मध्ये त्याने पेटंट घेतलं. हे पहिल्यांदा सुचलं ते पॅरिसच्या ज्यूल कार्पांतिएला, १९०१ मध्ये, हे शाइमफ्लुगने स्वतः मान्य केलेलं आहे. असा प्रामाणिकपणा पेटंटवाल्यांत आढळत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो. पुढे १९६२ मध्ये निकॉनने लहान कॅमेऱ्यासाठी सरकणारं भिंग काढलं आणि १९७३ मध्ये कॅननने सरकणारं आणि वाकणारंही. त्याआधी जुन्या स्टुडिओतल्या, डोक्यावर काळं कापड घ्यायच्या पेटीच्या कॅमेऱ्यात हे सगळं होतंच. भात्यासारखी त्याची पुढची बाजू वाकवता यायची.

पण मला मौज वाटली ती शाइमफ्लुगला हे हवं कशासाठी होतं, याची. त्याला फुलं नको होती. फुगे आणि पतंग यांना कॅमेरे लटकवून तो वरून जमिनीचे फोटो काढायचा, आणि तिरक्या आलेल्या फोटोंमधली जमीन सरळ करून त्यावरून नकाशे बनवायचा. नकाशे! मी हे मामांना सांगितलं. मामा बारे बंद करत होते. ते हातातलं फावडं टेकवून सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "म्हंजे मोजणीच शे ना!"

एकोणिसशे चार सालच्या पेटंटवर इतकं नेमकं भाष्य मी कुठे वाचलेलं नाही.

तरीही जावई म्हणजे जावई. दाजींनी उंची मागितली, मामांनी टोमॅटोची दोन कॅरेटं उपडी घालून दिली. डोंगळ्यांच्या माथ्यापासून कॅमेरा मीटरभर वर हवा, असा हिशेब होता. २४ मिलिमीटरचं भिंग तेवढ्या उंचीवर जेमतेम १.४ अंश वाकवावं लागतं. त्यांचं भिंग वाकतं साडेआठ अंश. उरलेले सात अंश कशासाठी, असं मी विचारलं, तर दाजी म्हणाले, "क्रिएटिव्हिटीसाठी." मी गप्प बसलो. आमच्याकडेही पाच एकराला पुरेल असा पंप विहिरीवर असतो आणि पाणी एका एकराचं.

उजाडायला लागलं. जानेवारीअखेरीला आमच्याकडे सूर्य सातच्या सुमाराला येतो, त्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं दाजींच्या दृष्टीने सोन्याची. त्या उजेडात फोटोला सेकंद-दोन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ फुलांनी हलायचं नाही. डोंगळ्याचा दांडा पोकळ, गोंडा जड. शेजारून कुत्रं पळालं तरी तो डुलतो. दाजी "थांबा, थांबा" असं वाऱ्याला म्हणत होते. मामा त्यांना म्हणाले, "पाव्हना, वारा काय थांबाव नही आज. च्या पी ल्या."

चहा पिता पिता दाजींना सुचलं, की फ्रेममध्ये माणूस हवा. मामांनी ताबडतोब घरी जाऊन इस्त्रीची टोपी घातली, सदरा बदलला आणि पहिल्या सरीच्या तोंडाशी, कॅमेऱ्यापासून सात-आठ फुटांवर येऊन, तलाठ्यासमोर उभं राहावं तसे उभे राहिले. फोटो निघाला. फुलं पहिल्यापासून शेवटपर्यंत लख्ख. लांब, धोडपच्या दिशेचे डोंगर स्वच्छ. आणि मामा? स्पष्टतेची ती आडवी पातळी फुलांच्या माथ्यावरून जात होती. फुलांचा माथा म्हणजे मामांची कंबर. जवळच्या अंतरावर ती पातळी फार पातळ असते, लांब जावं तशी जाड होत जाते. त्यामुळे मामांचे पाय पुसट, चेहरा पुसट, इस्त्रीची टोपी धुरकट. सबंध मामांमध्ये जर काही लख्ख आलं असेल, तर ती सदऱ्याखालून लोंबणारी पायजम्याची नाडी. तिचा पीळ न् पीळ दिसत होता.

भौमितिकदृष्ट्या तो फोटो निर्दोष आहे, असं दाजी आजही म्हणतात. मामी जावयाला कधी वाकडं बोलत नाहीत, म्हणून त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतल्या लांबून नाडीना फोटो काढाले उनात का?"

धुक्याचा प्रश्न याहून नाजूक निघाला. दाजी रोज रात्री झोपण्याआधी मोबाइलवर धुक्याचा अंदाज बघायचे आणि मामाही बघायचे. दोघांच्या प्रार्थना मात्र एकमेकांच्या विरोधात वर जात होत्या. डोंगळ्यावर धुई पडली, दहिवर पानांवर टिकून राहिलं, की जांभळा करपा आलाच. दांड्यावर डाग पडतो, दांडा मधेच मोडतो आणि गोंडा बी भरायच्या आत माना टाकतो. शेवटी एक दिवस धुकं पडलं. दाट, दुधासारखं, गिरणेकडून सरकत आलेलं. दाजी आनंदाने कॅरेटवर चढले. मामा पाठीवर पंप चढवून औषध मारायला निघाले. धुक्यातून पांढऱ्या फुलांमधून पाठीवर पंप घेऊन चाललेला वाकलेला म्हातारा! दाजींचा तो सगळ्यांत उत्तम फोटो. त्याला त्यांनी नाव दिलं "पहाटेची शांतता". मामांनी त्याच वेळी धुक्याला जी नावं दिली ती वेगळी होती.

फुलं असूनही फोटोत मधमाशी एकही का नाही, असं दाजींनी विचारलं. कारण मधमाशी शहाणी आहे, ती पहाटे येत नाही. ऊन तापल्यावर, नऊ-दहाला येते. आणि ती आल्याशिवाय यातलं काही खरं नाही. कांद्याच्या फुलात पराग आधी तयार होतो आणि त्याच फुलाची बीजधारणेची वेळ मागाहून येते. त्यामुळे एका फुलाचं दुसऱ्याशी कोणीतरी जुळवून द्यावं लागतं. म्हणून फुलोऱ्यात जहाल औषध मारायला शहाणा शेतकरी कचरतो, काही जण मधपेट्या आणून ठेवतात, काही गोंड्यांवरून हलका हात फिरवतात. दोन वाणांच्या डोंगळ्यांत निदान अर्धा किलोमीटर अंतर असावं, असं बियाणं प्रमाणित करणारे सांगतात. मधमाशी गट नंबर वाचत नाही, ही त्यातली अडचण. शेजाऱ्याने लाल कांद्याचे डोंगळे लावले की उन्हाळवाल्याची झोप उडते. फोटोत ही झोप दिसत नाही. कुठल्याही भिंगात.

दाजींना थोडा धीर द्यावा म्हणून मी त्यांना फाळक्यांची गोष्ट सांगितली. आमच्या नाशिक जिल्ह्याला हे वेड नवं नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला आणि सुरुवातीला टिपलं काय, तर कुंडीतला वाटाणा. अंकुर फुटून रोप होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण. "अंकुराची वाढ". ते दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं, बायकोचे दागिने गहाण पडले, आणि १९१३ मध्ये "राजा हरिश्चंद्र" पडद्यावर आला. मामा बाजूला बसून ऐकत होते. "म्हणजे वाटाण्यापासून सुरू करून माणूस हरिश्चंद्रापर्यंत जातो," ते म्हणाले. "शेती करणाऱ्याला त्यासाठी कॅमेरा घ्यावा लागत नाही."

परतीच्या वाटेवर दाजींनी भावडबारी घाटात गाडी थांबवली. तेच भिंग उलट्या बाजूने वाकवलं की खालचं खरंखुरं जग खेळण्यातलं वाटायला लागतं. मधली एक पट्टी स्पष्ट, वर-खाली सगळं पुसट, आणि डोळा फसतो. ओलिव्हो बार्बिएरी नावाच्या इटालियन छायाचित्रकाराने २००३ पासून हेलिकॉप्टरमधून मोठमोठी शहरं अशी टिपली. घाटातून दाजींनी कांद्याचे ट्रॅक्टर टिपले, ते काड्यापेटीएवढे दिसत होते. गोण्या साबुदाण्याएवढ्या आणि माणसं तर दिसतच नव्हती. छान होता फोटो. डिसेंबर २०२३ मध्ये ऐन हंगामात कांद्याची निर्यात बंद करणाऱ्यांनी दिल्लीतून आमच्याकडे पाहिलं, ते बहुधा याच भिंगातून.

तेव्हा डोंगळे बघायला यायचं असेल तर जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीअखेर या. पहाटे नका येऊ, दहाला या, मधमाश्या बघायला मिळतील. बांधावरून चाला, दांडे मोडू नका, आणि मालकाचा फोटो काढलात तर चेहरा येईल असा काढा. शेजाऱ्याच्या कांद्यात डोंगळे दिसले तर कौतुक करू नका. एप्रिलमध्ये आलात तर मात्र फुलं नसतील. वाळलेले गोंडे चोळून, उफणून उळे काढणं चाललेलं असतं. तेव्हा फोटो मिळायचा नाही, काम नक्की मिळेल.